विहिरीवरच्या सात जणी

लातूर-नांदेडच्या काळ्या रानात जुनी विहीर शोधायची असेल तर आधी झाड हेरावं. उंबर, वड, नाहीतर चिंच. झाडाच्या सावलीत दगडी थारोळं दिसतं, मोटेचं पाणी जिथं रिकामं व्हायचं ते. त्याच्यापुढं बैलांच्या खुरांनी खचलेली धाव, आता गवतानं झाकलेली. मोट बंद होऊन दोन पिढ्या सरल्या. नाडा, सोंदूर हे शब्दही घरातून गेले. एक गोष्ट मात्र जागची हललेली नाही. विहिरीच्या काठाला, कधी आत उतरणाऱ्या पायऱ्यांवरच्या कोनाड्यात, ओळीनं मांडलेले सात दगड असतात. मुठीएवढे, शेंदरानं माखलेले. शेजारी हिरव्या बांगडीचा तुकडा, विरलेला खण, वाळलेलं लिंबू, कागदाच्या पुडीत हळदकुंकू. तिथं पुजारी नसतो, दानपेटी नसते, कळसही नसतो.

या साती आसरा.

‘आसरा’ हे ‘अप्सरा’ या शब्दाचं बोलीतलं रूप. इंद्राच्या दरबारात नाचणाऱ्या अप्सरांशी त्यांचं नातं नावापुरतंच. या राहतात डोहात, आडात, बारवेत. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी अशी त्यांची नावं जुन्या याद्यांत सापडतात. मासळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगर! पाण्यात जे जे जगतं, त्यालाच माणसानं बाईचं रूप दिलं आणि हात जोडले. गावातल्या बायकांना ही नावं पाठ नसतात, त्यांची गरजही पडत नाही. ‘आसरांचा निवद’ म्हटलं की दहीभात, हिरवा खण आणि बांगड्या एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. बाळंतीण घराबाहेर पडायला लागली की पहिल्यांदा पाणवठ्यावर जाते, विहिरीची ओटी भरते, काठावर पाच खडे मांडून कुंकू वाहते. बाळासाठी दूध मागायचं ते पाण्याकडेच.

आसरांचे नियम कडक आहेत. टळटळीत दुपारी बारा वाजता विहिरीवर एकटीनं जायचं नाही. पायऱ्या उतरताना चपला वर काढायच्या. पाण्यात थुंकायचं नाही. तरण्या पोरीला पाणी आणल्यावर ताप भरला, ती गप्पगप्प राहायला लागली, की म्हाताऱ्या म्हणतात, आसरांचं लागलं. मग ओटी, निवद, लिंबू. डॉक्टरकडे न्यायला उशीर झाल्यानं या समजुतीपायी पोरी दगावल्याही असतील, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी यातला अर्धा भाग निव्वळ शहाणपणाचा आहे. पिण्याच्या पाण्यात घाण जाऊ नये आणि निर्मनुष्य वेळी बाई एकटी खोल पाण्यापाशी जाऊ नये, यासाठी गावाकडं दुसरा कुठला पहारेकरी होता?

या सात जणी कोण, याचं एक उत्तर मन हेलावणारं आहे. मराठीत ‘विहीर जवळ केली’ असं म्हणतात, आणि त्याचा अर्थ मराठी माणसाला फोड करून सांगावा लागत नाही. सासुरवास सोसेना, माहेरची वाट बंद, मग पोरीनं विहीर जवळ केली. अशा बुडून मेलेल्या बाया आसरा होतात, ही समजूत जुनी आहे. आर. ई. एन्थोवेन यांच्या मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींच्या १९२४ सालच्या ग्रंथातही आसरांची ही ओळख आढळते. काठावर हिरव्या बांगड्या आणि खण ठेवायचा तो याच पोरींना. माहेरवाशिणीला जे द्यायचं राहून गेलं, ते पाण्याला द्यायचं.

श्रावणातली शिळासप्तमीची कहाणी याच धाग्याची. राजानं गावासाठी तळं खोदलं, पाणी काही लागेना. जलदेवतेनं सुनेचा थोरला मुलगा मागितला. सासऱ्यानं सुनेला माहेरी धाडलं आणि नातवाला तळ्याच्या पोटात ठेवलं. तळं भरलं. सून परत येताना वाटेत शिळासप्तमी आली. तिनं त्याच तळ्याच्या काठी काकडीच्या पानावर दहीभात ठेवून जलदेवतेची पूजा केली, आणि पाण्यातून निघताना तिच्या पायाला मुलाचा हात लागला. घराघरात पोथीतून वाचली जाणारी ही कहाणी ऐकताना आजही बायकांचा गळा दाटतो. पुरुषांनी पाण्याच्या बदल्यात तिचं मूल दिलं, आणि पाण्यानं ते तिला परत केलं.

आता इथून हजारो मैलांवरची दुसरी गोष्ट. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स हा प्रांत आहे. तिथं एका गावाचं नावच ‘होलीवेल’, म्हणजे पवित्र विहीर. आख्यायिका ७व्या शतकातली. विनिफ्रेड नावाची तरुण मुलगी, देवाच्या सेवेत राहायचं ठरवलेली. कॅराडॉग नावाच्या सरदारपुत्रानं तिला मागणी घातली. तिनं नकार दिला, तो मागं लागला, ती पळाली, आणि त्यानं तलवारीनं तिचं डोकं उडवलं. डोकं जिथं पडलं तिथं जमीन फुटून झरा वाहू लागला. तिचे मामा संत ब्यूनो यांनी डोकं धडाला लावून प्रार्थना केली आणि विनिफ्रेड उठून बसली. तेराशे वर्षांहून जास्त काळ भाविक त्या झऱ्यावर जात आहेत. १५ व्या शतकात इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री श्रुजबरीहून तिथवर चालत गेला. पाण्याच्या तळाशी तांबडे डाग असलेले दगड सापडत. लोक म्हणत, हे विनिफ्रेडच्या रक्ताचे डाग. खरं तर ते शेवाळाच्या एका जातीमुळं पडत. शेंदरानं माखलेल्या आपल्या सात दगडांची आठवण मराठी माणसाला इथं झाल्याशिवाय राहणार नाही.

विहिरीपाशी उभी आहे ती अन्याय झालेली तरणी पोर, आणि तिच्या नावानं पाण्याला आलेली शक्ती. लातूरच्या रानात तिला आसरा म्हणतात, वेल्समध्ये संत विनिफ्रेड. कुणी कुणाकडून काही उचललं, असा याचा अर्थ लावू नये. माणसाची वस्ती जिथं पाण्याजवळ झाली आणि पाणी आणायचं काम जिथं बाईच्या वाट्याला आलं, तिथं बाईचं दुःखही पाण्याजवळच साठलं. एवढं कारण पुरेसं आहे.

ख्रिस्ती उपासनेचा आणि विहिरीचा संबंध मात्र वेल्सच्याही आधीचा, अगदी मुळापासूनचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शोमरोनातल्या याकोबाच्या विहिरीपाशी दमून बसतो. एक बाई पाणी न्यायला येते. तो तिच्याकडं पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी माणूस शोमरोन्यांच्या हातचं पाणी पीत नसे. ही गाठ पडते ती वेळ नेमकी दुपारी बाराची, जी वेळ आपल्याकडच्या म्हाताऱ्या विहिरीवर जायला मना करतात. घोळक्यानं यायच्या वेळी न येता ती बाई भर उन्हात एकटी का आली, यावर बायबलच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही बाईला विचारावं. ज्या बाईला गाव नावं ठेवतं, ती गावाच्या वेळेला पाणवठ्यावर जात नाही, हे ती लगेच सांगेल.

याच प्रसंगात येशू ‘जिवंत पाण्या’ची गोष्ट काढतो. विहीर खोदताना खडकातून पाझर फुटला की आपल्याकडचा शेतकरीही म्हणतो, जिवंत झरे लागले. त्या काळच्या यहुदी बोलण्यातही वाहत्या, झऱ्याच्या पाण्याला जिवंत पाणी म्हणत. पहिल्या ख्रिस्ती मंडळींनी हा शब्द अक्षरशः घेतला. ‘डिडाखे’ नावाची एक छोटी पुस्तिका आहे, पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासची. बाप्तिस्मा कसा द्यावा हे तिच्यात सांगितलं आहे. शक्यतो वाहत्या, जिवंत पाण्यात द्यावा. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड नसेल तर ऊन पाण्यात. आणि पुरेसं पाणीच नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं. दुष्काळी भागातल्या माणसाला ही सोय लगेच पटेल. त्या वेळी मोठी चर्च नव्हती. लोक घरात जमत, आणि संस्कारासाठी नदीवर किंवा झऱ्यावर जात. सीरियातल्या दुरा-युरोपस या गावी उत्खननात ३ऱ्या शतकातलं असंच एक घर सापडलं. त्याच्या एका खोलीत बाप्तिस्म्याचा हौद होता आणि भिंतीवर चित्रं होती. त्यातल्या एका चित्रात एक बाई वाकून विहिरीतून पाणी शेंदते आहे. ती शोमरोनी बाई की येशूची आई मरिया, यावर विद्वानांचा वाद चालू आहे.

ख्रिस्ती धर्म युरोपात पसरला तेव्हा तिथल्या प्रत्येक झऱ्यावर आधीच कुणीतरी बसलेलं होतं. उत्तर इंग्लंडमध्ये रोमन सैनिकांच्या तटबंदीजवळ कॅरोबरा इथं एका विहिरीत १८७६ साली खोदकाम झालं. वेद्या, मूर्ती, दागिने आणि रोमन काळातली १३ हजारांहून जास्त नाणी निघाली. विहीर कोव्हेंटिना नावाच्या जलदेवतेची होती. तिथल्या एका शिल्पपटात हातात पाण्याची भांडी घेतलेल्या तीन जलदेवता ओळीनं आहेत. तिथं तीन, इथं सात, एवढाच फरक.

धर्मगुरूंपुढं प्रश्न होता, हे सगळं मोडायचं की सामावून घ्यायचं. ६व्या शतकात आजच्या पोर्तुगालमधल्या ब्रागाचे बिशप मार्टिन यांनी खेडूतांसाठी एक उपदेश लिहिला. झऱ्यात भाकरी टाकता, ही सैतानाची पूजा नव्हे तर काय, असं ते त्यात विचारतात. पाण्याला भाकरी वाहणं म्हणजे आपल्या भाषेत निवद. ११व्या शतकात इंग्लंडच्या कनूट राजानं कायदाच केला: विहिरी, दगड, झाडं यांची पूजा करायची नाही. पाचशे वर्षं पुन्हा पुन्हा बंदी घालावी लागते याचा अर्थ उघड आहे. लोक ऐकत नव्हते.

दुसरी वाट पोप ग्रेगरी यांनी दाखवली. ६०१ साली इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मगुरूला त्यांनी पत्र पाठवलं. लोकांची देवळं पाडू नका. मूर्ती काढा, तीर्थ शिंपडा, तिथंच वेदी मांडा. लोक सवयीच्या जागी येत राहतील आणि हळूहळू नवा देव ओळखतील. बीड नावाच्या संन्याशानं आपल्या इतिहासात हे पत्र जपून ठेवलं, म्हणून ते आज वाचायला मिळतं. पत्र देवळांविषयी असलं तरी विहिरींचंही तेच झालं. जलदेवता गेल्या, संत आले. संतांच्या नावाचे दिवस ठरले, जत्रा भरू लागल्या. आयर्लंडमध्ये अशा सुमारे तीन हजार विहिरी मोजतात. तिथं भाविक विहिरीला फेऱ्या घालतात त्या सूर्य फिरतो त्या दिशेनं, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेनं. दुखणं असलेल्या अंगाला पाणी लावलेली चिंधी शेजारच्या झाडाला बांधतात. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात मॅड्रन इथं झऱ्याकाठी छप्पर नसलेली एक दगडी कोठडी आहे. तिच्या कोपऱ्यातल्या हौदात झऱ्याचं पाणी येतं, आणि झाडांना आजही चिंध्या बांधलेल्या दिसतात. जॉन ट्रेलिल नावाचा एक पांगळा माणूस त्या पाण्यानं चालायला लागला, असं १७व्या शतकात बिशप जोसेफ हॉल यांनी स्वतः नोंदवून ठेवलं.

ही अदलाबदल दूरच्या देशांतच झाली असं नाही. नांदेड जिल्ह्याच्या नकाशावर नुसती नजर फिरवली तरी पाण्याभोवतीच्या गोष्टी एकावर एक रचलेल्या दिसतात. किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर आहे. तिथं गंधकाच्या ऊन पाण्याचे झरे आहेत. शरभंग ऋषींना कातडीचा रोग जडला होता, रामानं बाण मारून त्यांच्यासाठी ऊन पाणी काढलं, अशी कथा. त्वचेच्या दुखण्यांसाठी लोक आजही तिथं अंघोळीला येतात. माहूरला मातृतीर्थ आहे. आईवडिलांच्या अंत्यविधीसाठी परशुरामानं बाणानं पाणी काढलं ते हे. आणि खुद्द नांदेडात, जिथं १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, त्या सचखंड हुजूर साहिबच्या स्नानासाठी रोज पहाटेच्या अंधारात गोदावरीचं पाणी गागरीतून आणलं जातं. ते आणणाऱ्या सेवेकऱ्याला ‘गागरिया सिंघ’ असंच म्हणतात. रामाचा बाण, परशुरामाचा बाण, शिखांची गागर. पंथ निरनिराळे, पण गोष्टीच्या मुळाशी पाणीच.

मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत विहिरीची ही ओढ पाहायची तर वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन लोकांकडं जावं. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतलं, बोली मराठीच. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडं ‘उंबराचं पाणी’ असतं. घरातली माणसं वाजतगाजत विहिरीवर जातात, बायका गाणी म्हणतात, घागरी भरून येतात आणि त्या पाण्यानं नवरा-नवरीला न्हाऊ घालतात. लग्न लागतं चर्चमध्ये, लावतात फादर. पण विहिरीला बोलावणं केल्याशिवाय मांडव पुरा होत नाही. पोर्तुगीज १६व्या शतकात आले, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पुढं इंग्रज आले आणि गेले. त्या वसईतल्या घरांनी विहिरीचं पाणी सोडलं नाही.

याच वसईच्या नंदाखाल गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते. त्यांची दुसरी ओळख पाण्याची आहे. वसईच्या विहिरी उपसून टँकरनं पाणी शहरात विकलं जाऊ लागलं, बिल्डर हिरव्या वाड्यांवर उतरले, तेव्हा ‘हरित वसई’च्या लढ्यात ते पुढं उभे राहिले. जानेवारी २०२० मध्ये हेच फादर ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून मराठवाड्यात, लातूरच्या शेजारी, तेव्हाच्या उस्मानाबादला आले. तुळजाभवानीच्या आणि संत गोरोबाकाकांच्या जिल्ह्यानं एका ख्रिस्ती धर्मगुरूला मराठी साहित्याच्या व्यासपीठावर बसवलं, ही मराठवाड्यानं मिरवावी अशीच गोष्ट आहे. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

पवित्र विहिरीची एक बाजू मात्र झाकून चालणार नाही. आसरांचा पाणवठा सगळ्या गावाचा कधीच नव्हता. विटाळाच्या भीतीनं गावानं कित्येक माणसांना काठाखाली उभं ठेवलं. ओंजळ पुढं करून, कुणीतरी वरून पाणी ओतेल याची वाट पाहत पिढ्या गेल्या. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ‘तू माझ्याकडं पाणी कसं मागतोस?’ या अर्थाचा शोमरोनी बाईचा प्रश्न गावकुसाबाहेरच्या माणसाला समजावून द्यावा लागत नाही. महाराष्ट्रातल्या दलित घरांतल्या कित्येकांना ख्रिस्ती धर्माची वाट जवळची वाटली, त्याच्या अनेक कारणांत हा पाण्याचा मानही होता. जिथं सगळ्यांना काठापर्यंत येऊ दिलं जात नाही ती विहीर कितीही शेंदूर लावला तरी पवित्र होत नाही, हे इथं स्पष्ट म्हटलंच पाहिजे.

आणि आता विहिरीच कोरड्या पडत आहेत.

होलीवेलचा झरा शेकडो वर्षं कधी आटला नव्हता. जानेवारी १९१७ मध्ये तो अचानक थांबला. खाणीतलं पाणी काढून टाकण्यासाठी जवळपास एक बोगदा खणला जात होता. त्यानं झऱ्याची जमिनीखालची वाट तोडली. पुढं दुसऱ्या स्रोतातून पाणी आणून हौद भरला गेला, पण जुना जोर परत आला नाही. राजाच्या कायद्यानं जे झालं नाही ते खाणीच्या बोगद्यानं केलं.

लातूर-नांदेडच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे, लाव्हा थिजून झालेला. वरच्या झिजलेल्या, फुटलेल्या थरात पावसाचं पाणी मुरतं आणि ५०-६० फुटांच्या विहिरीला पाझरतं. तेच जिवंत झरे. खालचा पाषाण घट्ट आहे, पाणी असलं तर भेगांत. बोअर त्या भेगा शोधत खाली जाते: ४०० फूट, ६०० फूट, ८०० फूट. एकाची बोअर लागली की शेजाऱ्याची विहीर खाली जाते. शेजारीही बोअर घेतो. बोअरचं तोंड साडेसहा इंचांचं. त्याला पायऱ्या नाहीत, काठ नाही, कोनाडा नाही. सात दगड मांडायला जागाच नाही. बोअर पाडताना नारळ फुटतो, यंत्राला हार घातला जातो, पण पाण्याशेजारी बसून ओटी भरायची जागा कायमची जाते.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरनं याचा शेवट पाहिला. मांजरा धरण कोरडं होतं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. सगळ्या देशानं ती बातमी पाहिली. त्यातला एक तपशील मात्र बातमीच्या गर्दीत हरवला. गाडीतलं पाणी उतरवून ठेवायला प्रशासनानं स्टेशनजवळची एक मोठी विहीर ताब्यात घेतली होती. साडेतीनशे किलोमीटरवरून आलेलं पाणी सांभाळायला शेवटी लातूरची विहीरच उपयोगी पडली.

काही ठिकाणी लोक परत विहिरीकडे वळले आहेत. शेजारच्या परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातलं वालूर हे गाव आपल्या बारवांसाठी आता ओळखलं जातं. गावकऱ्यांनी गाळ आणि झुडपं काढली, तेव्हा शंखासारख्या वळणावळणानं खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव मोकळी झाली. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेमुळं राज्यभर अशा शेकडो बारवांची नोंद झाली, महाशिवरात्रीला अनेक बारवांत दिवे लागू लागले. दगडी बांधकामाची मापं आता कागदावर आली. बारवेच्या भिंतीतल्या कोनाड्यात कुठली देवी होती, तिला कोण काय वाहत असे, बाळंतीण कुठल्या पायरीवर बसून ओटी भरत असे, हे मात्र अजून बायकांच्या आठवणीतच आहे. दगड आणखी पाचशे वर्षं टिकतील. ऐंशीच्या घरातल्या आजीला तेवढी वर्षं नाहीत.

येत्या येळवशीला एक काम करा. लातूर-धाराशिव आणि नांदेडच्या बऱ्याच गावांत मार्गशीर्षातल्या या अवसेला सगळं घर रानात उतरतं. कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले पांडव, भज्जी, उंडे, मडक्यातलं आंबील. पुण्या-मुंबईला गेलेली पोरंही त्या दिवशी येतात. जेवणं झाल्यावर कोपीच्या सावलीत आडवं होण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचा हात धरून जुन्या विहिरीपर्यंत चालत जा. विहिरीला नाव काय होतं, ती कुणी खोदली, दगड कुणी फोडले, पाणी कोणाला मिळत होतं आणि कोणाला नाही, सात दगड कुणाच्या हातचे आणि त्यांच्यापुढं कोणाच्या नावानं बांगड्या ठेवल्या जायच्या, हे तिला विचारा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून, वहीत उतरवून घ्या.